स्वस्त युकुलेले बेसूर का वाजते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्या जवळ आल्या की मुलांना कोणते वाद्य घेऊन द्यावे यावर पुरवण्यांतून लिहून येते. त्यात युकुलेलेच्या, म्हणजे गिटारसारख्या दिसणाऱ्या चार तारांच्या छोट्या वाद्याच्या, वाट्याला बहुधा एकच ओळ येते: फार स्वस्तातले घेऊ नका, ते सुरात लागत नाही. ओळ खोटी नाही, पण अर्धवट आहे. ती वाचून ज्यांच्या घरी असे वाद्य आधीच आले आहे ते त्याला माळ्यावर टाकतात आणि ज्यांना घ्यायचे असते ते बेतच रद्द करतात. तंतुवाद्यांची दुरुस्ती करणाऱ्या आम्हा काही जणांचे म्हणणे जरा वेगळे आहे. स्वस्त युकुलेलेचा बेसूरपणा बहुतेक वेळा लाकडात नसतो, पॉलिशमध्येही नसतो. तो नटच्या खाचांत असतो आणि मोजला तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरतो. चांगले वाद्य गिऱ्हाइकाच्या हाती पडण्यापूर्वी कोणीतरी अर्धा-पाऊण तास बसून त्या खाचा नीट केलेल्या असतात. स्वस्त वाद्याच्या नशिबी तो पाऊण तास आलेला नसतो, इतकेच.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मानेच्या वरच्या टोकाला जी बारीक आडवी पट्टी असते, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात, ती नट. तंबोऱ्यात तिला अटी म्हणतात. पोटावर चिकटवलेला ठोकळा म्हणजे ब्रिज, आपली घोडी. त्या ब्रिजच्या खोबणीत उभी बसवलेली पांढरी पट्टी म्हणजे सॅडल. फ्रेट म्हणजे सतारीचे पडदेच, फक्त हे सरकवता येत नाहीत. तारा धातूच्या नसून नायलॉनच्या किंवा तत्सम प्लॅस्टिकच्या असतात, तरी त्यांना तारच म्हणण्याचा प्रघात आहे. युकुलेलेला पोलादी तार कधीही चढवू नये. चारही तारांचा मिळून ताण १५ ते २० किलोच्या घरात असतो आणि पोटाची पातळ फळी तेवढ्याच बेताने केलेली असते. पोलादी तारांनी ब्रिज उपटून हातात येतो.

आता बेसूरपणाचे कारण. तार फ्रेटवर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि ताणली की स्वर चढतो. खाच जेवढी उथळ, तेवढी तार फ्रेटपासून उंच. जेवढी उंच, तेवढी दाबताना जास्त ताणली जाते. नटच्या अगदी जवळच्या पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर हा फरक सर्वांत मोठा पडतो आणि शिकणाऱ्याचे सुरुवातीचे सगळे कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे स्वरांचे गट, नेमके तिथेच असतात. मोकळी तार ट्यूनरवर काटेकोर लावलेली असते, पण पहिल्या फ्रेटवर तीच १५-२० सेंट चढलेली दिसते. सेंट म्हणजे एका अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. वीस सेंटची चढ कोणत्याही बऱ्या कानाला खटकते. गिटारपेक्षा युकुलेलेची तार आखूड असल्यामुळे त्याच चुकीची शिक्षा इथे मोठी होते. त्यातही सी ही जाड तार सर्वांत जास्त चढते. मग होते असे की बिचारा शिकणारा कॉर्ड सुरात यावा म्हणून मोकळी तार उतरवतो, दुसरा कॉर्ड बिघडतो, आणि दोष कानाला किंवा बोटांना दिला जातो.

ही शंका खरी की खोटी हे हत्यार न उचलता तपासता येते. एक पेन्सिल घ्या. पहिल्या फ्रेटच्या लगेच मागे, म्हणजे नटच्या बाजूला, ती चारही तारांवर आडवी ठेवा आणि दोन्ही टोकांना रबर बँड मानेखालून घट्ट गुंडाळा. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, असेल तर उत्तमच. आता वाद्य पुन्हा सुरात लावा आणि नेहमीचे कॉर्ड एक फ्रेट पुढे सरकून वाजवा. पेन्सिल लावल्यावर कॉर्ड गोड वाजले तर गुन्हेगार नट, कारण पेन्सिलीने नटला खेळातून बाहेर काढलेले असते. तरीही बेसूरच वाजले तर तारा, फ्रेट किंवा ब्रिजची जागा यांच्याकडे वळावे लागेल.

घ्यायचेच असेल तर काय बघावे? पहिले, फ्रेट धातूचे हवेत. रंगाने रेघा मारलेले किंवा मानेतच प्लॅस्टिकचे ओबडधोबड उंचवटे काढलेले खेळणे वाद्य होत नाही, त्यावर वेळ घालवू नका. प्लॅस्टिकचे अंग असणे हा मात्र दोष नव्हे. १९५० च्या आसपास मारिओ माकाफेरी यांनी साच्यात ओतलेले प्लॅस्टिकचे युकुलेले लाखोंनी विकले, आणि ते खरेच वाजत. साचा एकदा अचूक झाला की प्रत्येक फ्रेट जागच्या जागी पडतो, हा त्यातला फायदा. प्लायवूडचेही तसेच. अखंड लाकडाचा आवाज अधिक भरदार असेल, पण प्लायवूड हवामानाला कमी भिते आणि सहसा तडकत नाही. नवशिक्यासाठी आम्ही तेच सुचवतो.

आकार तीन-चार आहेत. नट ते सॅडल ही तारेची वाजती लांबी सोप्रानोत सुमारे ३३० ते ३५० मिमी, कॉन्सर्टमध्ये ३८० च्या आसपास, टेनरमध्ये ४३० च्या आसपास. बॅरिटोन सुमारे ५१० मिमीचा, आणि त्याच्या तारा वेगळ्या सुरांत, डी-जी-बी-ई अशा लागतात. पहिल्या तिघांची पुस्तके त्याला चालत नाहीत. जाड बोटांच्या माणसाने सोप्रानोच्या भानगडीत पडू नये, कॉन्सर्ट घ्यावे.

दुसरे, टेप किंवा पट्टी जवळ ठेवा. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंत मोजा, मग तिथून सॅडलच्या माथ्यापर्यंत. दुसरे माप पहिल्याइतके किंवा एक ते तीन मिमी जास्त हवे. जास्त का? तार दाबताना जो थोडा सूर चढतो तो भरून काढण्यासाठी तेवढी लांबी मुद्दाम ठेवलेली असते. दुसरे माप पहिल्यापेक्षा कमी निघाले किंवा पाच-सहा मिमीने जास्त भरले, तर ब्रिज चुकीच्या जागी चिकटवला आहे. ते वाद्य परत करा. चुकलेला ब्रिज उखडून पुन्हा बसवण्याची उठाठेव स्वस्त वाद्यासाठी परवडत नाही. फ्रेटच्या जागाही अशाच ताडून बघता येतात. वाजती लांबी १७.८१७ ने भागली की नट ते पहिला फ्रेट हे अंतर मिळते. ३४६ मिमीच्या सोप्रानोत ते १९.४ मिमी येते. उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्याने भागली की पुढच्या फ्रेटचे अंतर, असे शेवटपर्यंत.

तिसरे, मान. सुतार फळी बघतो तसे एक डोळा मिटून खुंट्यांच्या बाजूने मानेवरून नजर टाका. फ्रेटच्या रेघा एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. मान पिळवटलेली असेल तर घेऊ नका, कारण बहुतेक युकुलेलेंच्या मानेत वाक सुधारण्याची सळई नसते. मान आणि अंग जिथे जुळतात तिथे भेग नको. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. ती आत गेली तर ब्रिज उचलू लागला आहे. शेवटी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. बारा फ्रेट, चार तारा, अठ्ठेचाळीस स्वर. पाच मिनिटांचे काम आहे. कुठे तार खरखरली तर ती जागा लिहून ठेवा. फ्रेटची टोके बोटाला टोचली, तार उंच लागली, खुंटी घसरली, तर त्यावरून वाद्य नाकारू नका. हे सगळे घरी नीट होते.

घरी आणल्यावर पहिली गोष्ट तारा बदलणे. आलेल्या तारा अनेकदा इतक्या हलक्या असतात की त्यांची जाडी ठिकठिकाणी वेगळी निघते, आणि अशी तार कोणत्याच फ्रेटवर खरा सूर देत नाही. जुन्या तारांवर मापे घेऊन खाचा कोरत बसणे म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापाने जोडा शिवणे. नायलगट, फ्लुओरोकार्बन, साधे नायलॉन, कशाच्याही चांगल्या तारा चालतील. नायलगट जाड आणि जरा खरबरीत, फ्लुओरोकार्बन बारीक आणि आवाजाला लखलखीत. मात्र पुढे ज्या वापरायच्या त्याच आत्ता चढवा.

ब्रिजला छिद्रे असतील तर तार पोटाच्या छिद्राच्या बाजूने घालून मागे काढायची, वरून परत आणून स्वतःखालून ओवायची आणि ब्रिजच्या माथ्यावर दोनदा पीळ द्यायचा. ए ही तार बारीक आणि निसरडी, तिला तीनदा. शेवटचा पीळ ब्रिजच्या मागच्या कडेच्या खाली दबला पाहिजे, माथ्यावर नाही; सुटणाऱ्या गाठींपैकी निम्म्या इथे चुकतात. ब्रिजला नुसत्या चिरा असतील तर तारेच्या टोकाला साधी गाठ मारून ती चिरेत अडकवायची. गाठ निसटत असेल तर दुहेरी मारा. शेपूट तीन-चार मिमी ठेवा, पण ती पोटाच्या फळीला टेकू देऊ नका, नाहीतर तीच वाजत राहते आणि माणूस दिवसभर भलतीकडे शोधत बसतो. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत, तेही वरून खाली उतरत जाणारे, म्हणजे तार नटवर खाली दाबून बसते.

सूर लावताना जी-सी-ई-ए. पेटीवर पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. पांढरी एकला सा मानले तर प सा ग ध. ए ४४० हर्ट्झ, जी ३९२, ई सुमारे ३३०, सी सुमारे २६२. इथे एक चकवा आहे. छातीच्या बाजूची 'जी' ही तार गिटारसारखी खर्जातली नसते, ती सीच्या वर असते, म्हणजे प हा सा नंतरचा मधल्या सप्तकातला. ती एक सप्तक खाली लावली की दोरीसारखी लोंबते आणि खडखडते, आणि लोक वाद्य बिघडले म्हणतात. खर्जातली 'जी' हवी असेल तर त्यासाठी वेगळी जाड तार मिळते आणि तिला नटची खाचही रुंद करावी लागते. नव्या तारा चार ते सात दिवस ताणत राहतात. सूर उतरतो तो खुंटीमुळे नव्हे, तारेमुळे. प्रत्येक तार मध्यावर चिमटीत धरून बोटभर हलकेच उचला, पुन्हा सुरात लावा, असे दहा-बारा वेळा केले की हा काळ बराच कमी होतो. सूर नेहमी खालून वर चढवत लावा. वर गेला तर पुरता उतरवून पुन्हा चढवा, म्हणजे खुंटीच्या दात्यांमधला सैलपणा तारेकडे राहत नाही.

आता नट. इथे घाई करू नये.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार बोटाने दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते उजेडाकडे धरून बघा. या चाचणीत सॅडलच्या उंचीचा संबंध येत नाही, फक्त नट मोजला जातो, म्हणून ती विश्वासाची. फट वहीच्या एका कागदाएवढी, म्हणजे ०.१ मिमीच्या आसपास असावी. तार फ्रेटला टेकलेली असेल तर खाच आधीच खोल आहे, तिला हात लावू नका. तीन-चार कागद एकावर एक ठेवून सहज सरकत असतील तर खाच कोरायची. चारही तारा एकसारख्या नसतात. प्रत्येकीची फट वेगळी लिहून ठेवा.

हत्यार म्हणून नटसाठी केलेल्या कानशी मिळतात, पण एका वाद्यासाठी त्या घेण्याची गरज नाही. वेल्डिंगचे नोझल साफ करायच्या खरबरीत सुयांचा संच हे काम छान करतो, कारण त्यात वेगवेगळ्या जाडीच्या सुया असतात. गिटारची जुनी, वेढे दिलेली पोलादी तारही छोट्या कानशीसारखी चालते. युकुलेलेच्या तारा साधारण अर्ध्या ते एक मिमी जाडीच्या असतात. सुई त्या-त्या तारेपेक्षा किंचित जाड घ्यावी. बारीक सुईने खाच अरुंद राहिली तर तार तिच्यात चिमटली जाते आणि सूर लावताना 'टक्' आवाज करून उडी मारते. सुतारी करवत, चाकू, ब्लेड यांनी खाच कापायला जाऊ नका.

खाच कोरताना सुई खुंट्यांच्या दिशेने उतरती धरायची. तार खाचेच्या पुढच्या, फ्रेटकडच्या कडेवर टेकली पाहिजे आणि तिथून मागे उतरत गेली पाहिजे. उलटे झाले आणि मागची कड उंच राहिली, तर तार खाचेत सपाट पसरून झणझणते. तंबोऱ्याला ही जवारी मुद्दाम काढावी लागते. युकुलेलेला ती फुकट मिळते आणि अजिबात शोभत नाही. शिवाय तारेची वाजती लांबी बदलते ती वेगळीच.

तार ढिली करून बाजूला सारा, सुईचे तीन-चार हात मारा, तार परत बसवा, सुरात लावा, तिसऱ्या फ्रेटची चाचणी करा. पुन्हा तीन-चार हात. कंटाळवाणे आहे खरे, पण प्लॅस्टिकचा नट लोण्यासारखा कापला जातो आणि दहा हात एकदम मारले की काम हाताबाहेर जाते. ज्यांच्याकडे फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची, पाती आहेत त्यांना धोका टाळण्याचा उपाय आहे. नट आणि पहिला फ्रेट यांच्यामध्ये मानेवर पाती एकावर एक रचा. पहिल्या दोन फ्रेटवर पोलादी पट्टी टेकवून ती नटकडे पुढे येऊ द्या आणि पाती तिला जेमतेम लागेपर्यंत वाढवा. ही झाली फ्रेटची उंची; समजा ०.९० मिमी निघाली. तीत ०.१५ मिमीचे पाते आणखी घाला आणि तो थर नटला चिकटून ठेवा. आता सुई त्या पात्यांना लागली की थांबायचे, खाच त्याखाली जाऊच शकत नाही. एकेका खाचेसाठी असे केले की चारही तारा एका पातळीत येतात.

खाच पूर्ण झाल्यावर तारेचा निम्मा व्यास तिच्यात बसलेला आणि निम्मा वर दिसायला हवा. नटचा माथा फारच वर उरला असेल तर तो कानशीने उतरवून गोल करा. खाचेत मऊ पेन्सिलीचे टोक फिरवले की तार सुळकन सरकते.

आणि हात चुकून खाच खोल गेलीच, मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरू लागली, तर नट फेकू नका. आजूबाजूच्या लाकडावर चिकटपट्टी लावा, खाचेत खाण्याचा सोडा चिमूटभर दाबून भरा आणि त्यावर पातळ सुपरग्लूचा एकच थेंब सोडा. तो क्षणात दगडासारखा होतो. त्या वेळी उष्णता आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते, तेव्हा तोंड वर नेऊ नका, खिडकी उघडी ठेवा. मग खाच पुन्हा कोरा. दुरुस्ती टिकाऊ असते.

नट झाल्यावरच सॅडल. नट उतरला की बाराव्या फ्रेटवरची तारही थोडी उतरते, म्हणून हा क्रम. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. अडीच ते तीन मिमी असेल तर सॅडलला हातही लावू नका. स्वस्त वाद्यात बऱ्याचदा साडेतीन-चार भरते. हिशेब सोपा: बाराव्या फ्रेटवर जेवढे कमी करायचे त्याच्या दुप्पट सॅडलमधून घालवायचे, कारण बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर आहे. अर्धा मिमी उतरवायचा तर सॅडल एक मिमी.

तारा ढिल्या करून सॅडल पकडीने सरळ वर ओढा. ते चिकटवलेले असेल आणि हलत नसेल तर जोर करू नका, ब्रिजची खोबण फुटते. मग वरूनच कानशीने उतरवावे लागेल, माथा गोल ठेवून. निघाले तर काढायची उंची दोन्ही बाजूंनी पेन्सिलीने आखा. काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि सॅडलचा खालचा काठ त्यावर घासा, सोबत एक चौकोनी ठोकळा धरून, म्हणजे ते कलंडत नाही. तळ सपाट आणि काटकोनात राहिला पाहिजे. तळ गोल झाला की सॅडल खोबणीत दोन टोकांवर डोलते आणि मधल्या तारांचा आवाज बसतो. रेघेच्या थोडे आधी थांबा, बसवून बघा, मग उरलेले घासा. जास्त घासले गेले तर बाद झालेल्या बँक कार्डाची पट्टी कापून खाली घाला. कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते, म्हणजे बाराव्या फ्रेटवर साधारण ०.४ मिमी परत मिळतात. ब्रिजच्या वर सॅडल निदान दोन मिमी दिसत राहावे. त्याहून खाली गेले की तार त्यावर पुरेशी दाबत नाही आणि आवाज मरतो.

हाडाचे नट आणि सॅडल बसवल्याने आवाज पालटतो असे सांगणारे भेटतील. नीट बसलेले प्लॅस्टिक हे डगमगणाऱ्या हाडापेक्षा केव्हाही बरे.

एकाच जागी खरखर येत असेल तर दोष त्या जागेच्या पुढच्या फ्रेटचा, कारण तार त्याला लागते. बँक कार्डाची सरळ कड एकाच वेळी तीन फ्रेटवर टेकवा. ती मधल्यावर झोके घेत असेल तर मधला उंच आहे. मानेखाली वाळूची किंवा तांदळाची पिशवी ठेवा, फ्रेटवर लाकडाचा तुकडा धरून छोट्या हातोडीने हलके ठोका. बहुधा टोक उचललेले असते आणि ते बसते. परत वर येत असेल तर फटीत पातळ सुपरग्लूचा थेंब सोडून ठोकळ्याने दाबून धरा. फ्रेट घासणे हा शेवटचा उपाय, कारण एक घासला की पुढचा उंच वाटू लागतो आणि हे शेपूट लांबत जाते.

टोचणारी टोके हा निराळा प्रकार. लाकूड सुकून आक्रसते, धातू आक्रसत नाही, म्हणून फ्रेट कडेने बाहेर डोकावतात. मानेच्या कडेला चिकटपट्टी लावा, बारीक कानस तिरपी धरून टोके उतरवा, वरून ४०० नंबरच्या पेपरने गुळगुळीत करा. मानेच्या पुढच्या पट्टीला वार्निश नसेल तर खनिज तेलाचे दोन थेंब चोळून पुसून टाका. स्वयंपाकाचे तेल वापरू नका, ते काही दिवसांनी चिकट होते.

खुंट्या दोन प्रकारच्या. दातेरी खुंटी सैल वाटली तर तिच्या मागचे बारीक स्क्रू आणि वरचा नट (हा नट-बोल्टमधला, मानेवरचा नव्हे) आवळा. यातलाच एखादा ढिला राहून कितीतरी गूढ आवाज निघतात. विना-दात्याची, नुसत्या घर्षणावर थांबणारी खुंटी घसरत असेल तर तिच्या बोंडाच्या टोकाचा स्क्रू पाव फेरा आवळायचा. इतका की तार थांबेल, पण बोटांना जोर लागणार नाही. ही खुंटी वाईट म्हणून लोक बदलायला निघतात. बहुतेकदा तो पाव फेराच राहिलेला असतो.

ब्रिज उचलला असेल तर तारा लगेच ढिल्या करा. कारण बहुतेक वेळा एकच असते: गोंद लाकडाऐवजी वार्निशवर लावला गेला. ब्रिज पूर्ण सोडवून खालचे वार्निश आणि जुना गोंद खरवडून काढा, लाकडाला लाकूड भिडू द्या, सुताराचा पांढरा किंवा पिवळा गोंद लावून शिकंज्यात चोवीस तास ठेवा. सुपरग्लू इथे नको. तो ठिसूळ असतो आणि सतत ओढणारा ताण त्याला सोसत नाही. पोटावर बोटाच्या पेराने टकटक केल्यावर एखादीच जागा फाटका आवाज देत असेल तर आतली काडी सुटलेली आहे. मोबाइलचा कॅमेरा छिद्रापाशी धरला की ती दिसते. पातळ पट्टीने गोंद तिच्याखाली सारून, पाठीवरून छोटी काडी टेकवून ती दाबून ठेवता येते. ही टेकू काडी जेमतेम बसेल एवढीच कापा, लांब झाली तर पाठच उचलते. आणि काहीही चिकटवलेले वाद्य उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, गोंद मऊ पडतो. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्के असली की लाकूड सुखात असते.

हे वाद्य मुळातच जुळवून घेणाऱ्यांचे आहे. १८७९ साली 'रेव्हन्सक्रॅग' जहाजातून पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून हवाईतल्या होनोलुलूला उतरलेल्या पोर्तुगीज मजुरांबरोबर मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोसे दो एस्पिरितु सांतो हे सुतारकाम जाणणारे तिघे होते. त्यांनी आपल्याकडच्या छोट्या माचेत या वाद्यावरून तिथल्या कोआ लाकडात हे घडवले. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर ते अमेरिकाभर पसरले आणि तेव्हापासून स्वस्त युकुलेले निघत आले आहेत.

जागेअभावी पत्र कापावे लागले तर हा इतिहास आणि आकारांची मापे खुशाल गाळावीत. पेन्सिलीची चाचणी आणि नटच्या खाचेचे परिच्छेद तेवढे राहू द्यावेत.

आपले,
तंतुवाद्यांची दुरुस्ती करणारे काही वाचक